अक्कांच्या गच्चीवरची डबी

सांगा मंडळी — भावंडांच्या भांडणात खरं कोण, हे विचारायला जावं कुणाकडे? वकिलाकडे? नको गं बाई! भार्गवअण्णा कुणाकडे गेले, ते ऐका.

करंबवण्याचं राममंदिर. अण्णा तिथले पुजारी. हौस दांडगी! घंटेचे टोल द्यायला कॉम्प्युटर आणला. रामनवमीला बाराला कॉम्प्युटरनं टोल द्यायचे, गुलाल उधळायचा, आणि अण्णांच्या थोरल्या बहिणीनं — इंदुअक्कांनी — पाळण्याची दोरी ओढायची. मान त्यांचा! घरही त्यांचं देवळाला लागूनच.

गेल्या वर्षी अक्का सुंठवडा घेऊन येतात, तर काय! गुलाल उडालेला, पाळणा हललेला!

"अरे, बारा वाजायचेत अजून!"

"कॉम्प्युटर खोटं बोलेल होय?" अण्णा म्हणाले.

बोलतो की! त्याचंही घड्याळ हळूहळू पुढे पळतं — आपल्या जिभेसारखं! पण अण्णांना सांगणार कोण? अक्कांनी वर्षभर देवळात पाऊल टाकलं नाही. अण्णांना घास गोड लागेना. पण 'चुकलो' म्हणतील? छे!

यंदा त्यांनी एक डबी आणली. आकाशातल्या उपग्रहांकडून नेमकी वेळ घ्यायची, वायरीतून कॉम्प्युटरला द्यायची. "होऊन जाऊ दे निकाल!" म्हणाले. आणि ठेवली कुठे? गाभाऱ्यात! पितळी मखराखाली, हळदकुंकू वाहून!

डबी गप्प. दुकानदार रियाजला फोन.

"अण्णा, तिला आकाश दिसू द्या!"

"अरे, साक्षात रामापाशी ठेवलीय!"

"रामाला सगळं दिसतं हो. तिला नाही दिसत!"

कळसापाशी नेली, तर वर पिंपळ पसरलेला. मोकळं आकाश एकाच जागी. कुठे? बरोबर — अक्कांच्या गच्चीवर!

रामनवमीची सकाळ. अण्णा दारात, हातात वायरीचं भेंडोळं.

"गच्ची हवी होती."

"जा. पापड वाळत घातलेत, तुडवू नकोस."

पापडांच्या मधोमध डबी ठेवली. वायर देवळात सोडली. अण्णा खाली धावले, बघतात तर पडद्यावरचं घड्याळ चांगलं चार मिनिटं मागे सरकलेलं! तसेच परत आले, धापा टाकत.

"अक्के... तेव्हा तुझंच खरं होतं गं. मी चुकलो."

"एवढ्यासाठी आकाशापर्यंत गेलास? मी भिंतीपलीकडे होते की रे!"

"येशील ना? तू येईपर्यंत टोल थांबवतो."

"खबरदार! माझ्यासाठी रामाला थांबवतोस? मीच आधी येऊन बसते!"

आणि बसल्या! बाराला टोल पडले, अक्कांनी दोरी ओढली. गुलाल मात्र अण्णांच्या मुठीतच राहिला — डोळे पुसायचे की उधळायचा?

हसता काय मंडळी? ती एवढीशी डबी, पण एकाच उपग्रहाचं ऐकून वेळ ठरवत नाही, चौघांचं ऐकते. आणि आपण? आपलं एकट्याचंच! तुमचंही कुणी असेल भिंतीपलीकडे, वर्षभर न बोललेलं. मग इथे काय बसलात? उठा, घेऊन या. तोवर माझं कीर्तन थांबेल. प्रसाद राखून ठेवते — दोघांचा!