एका बाहीचं स्वेटर

नानाजी : पुन्हा उसवली?

कौसल्या : उसवली.

नानाजी : काल तर पुरी केलती तू. दोन्ही बाह्या लागल्या होत्या. म्या खाटेवर ठेवलेलं पाह्यलं, दुकानातल्यासारखं दिसत होतं.

कौसल्या : दिसत होतं म्हणूनच उसवली. पोरीचा हात कुठी संपते अन् माया कुठी सुरू होते, मलेच ओळखू येत नोतं. मीच शिकवलं ना तिले. तिचा हात म्हणजे मायाच हात झालता.

नानाजी : मंग बरंच झालं. चंदावहिनीले पोरीचं पुरं स्वेटर भेटलं असतं.

कौसल्या : पुरं भेटलं असतं, पोरीचं नसतं भेटलं. ह्या थंडीत अंगात घालून बसली असती अन् तिले मालूमच नसतं का ही दुसरी बाही कोनं विणली. ज्याच्या गाडीखाली अर्पिता गेली, त्याच्या मायनं विणली. असं कोनाच्या अंगावर न सांगता घालाव का, तुमीच सांगा.

नानाजी : अन् हे सुटल्या टाक्यायचे भोकं? हे तर तू उचलून घेतले होते.

कौसल्या : ते बी सोडले पुन्हा. तिच्या हातून सुटले होते, तसेच ठेवले. तिनं ज्या ओळीत सुया ठेवल्या, त्या ओळीत आणून ठेवलं.

नानाजी : एक बाही पुरी, दुसरी मनगटापाशीच थांबलेली. असं ठेवशील नाताळाले देवळातल्या टेबलावर? साऱ्या मंडळीपुढं?

कौसल्या : मी कुठी म्हणलं ठेवते म्हणून.

नानाजी : मंग दुसरं काही कर. गोदडी कर, उशी कर. नाही तर मायासारखं कर. कापसाच्या पऱ्हाट्या पडल्याच आहे अंगणात.

कौसल्या : तुमचं राहू द्या. मागच्या साली पाळकसाहेबाले पऱ्हाटीचा खराटा देला. पाळकबाईनं भितीले टांगून ठेवला, अजून आंगण झाडलं नाही त्यानं.

नानाजी : मान देला म्हणून टांगला.

कौसल्या : काड्या गयतात म्हणून टांगला. मले सांगतलं तिनं.

नानाजी : नियम तर पायला ना म्या. विकतचं आणाचं नाही, चिठ्ठीत ज्याचं नाव निघन त्याच्यासाठी घरात आहे त्यातून हातानं कराचं. जुन्या पाळकसाहेबानं हे चालू केलं तवा मंडळीत कोनापाशी काही नोतंच. अन् आताही कोनापाशी लय आहे असं नाही.

कौसल्या : नियम मले नका सांगू. नियमच गळ्याशी आला आहे. एवढ्या चिठ्ठ्या होत्या त्या टोपलीत. खेमसिंगची होती, भुरीबाईची होती, ज्याच्यात्याच्या घरच्या होत्या. मी हात घातला अन् चंदाबाई निघाली.

नानाजी : वापस दे पाळकसाहेबाले. ते समजतीन. साऱ्यायले मालूम आहे आपल्या घरात काय झालं.

कौसल्या : वापस? आजवर एकानंच केली वापस, प्रेमसिंगनं, सख्ख्या भावाच्या नावाची. तवापासून ते दोघं भाऊ देवळात एका बाकावर बसले का? भाऊ मेला तरी प्रेमसिंग मातीले मागंच उभा होता. चिठ्ठी वापस केली म्हणजे त्या घराशी संपलं, असं सारे समजतात. अन् हे आपुन कराव? त्यायचं घर आपल्या पोरानं उजाड केलं, अन् संपलं हेही आपुनच म्हणाव?

नानाजी : आपुन नाही म्हणलं तर काय, वहिनी म्हणून राह्यली ना. अर्पिताच्या मातीपासून एक शब्द बोलली नाही आपल्याशी.

कौसल्या : बोलत नाही. पण संपलं असंही म्हणलं नाही तिनं. तेवढंच आहे मायापाशी, तेवढं मी नाही जाऊ देत. अमर काय म्हणे? परवा जेलात गेलते, अजून सांगतलं नाही तुमी.

नानाजी : सांगासारखं काय आहे? वाळला. थंडी वाजते म्हणे. अन् तेच म्हणते अजून. लोहाऱ्याच्या रस्त्यावर अंधार होता, रानडुक्कर आडवं आलं असं वाटलं, म्हणून थांबलो नाही.

कौसल्या : तिथी डुकरं निघतात, हे तर खरं आहे. मागं प्रेमसिंगची गाडी बी धडकलती.

नानाजी : निघतात. पण डुक्कर असतं तर आल्याबरोबर गाडी धुवाले काहून बसला? तू आत त्याच्यासाठी भाकर टाकत होती, अन् तो बाहीर अंधारात बंपरवर पाणी टाकू टाकू घासत होता. म्या इचारलं, काय झालं रे. तर म्हणे डुक्कर. वर पाह्यलं नाही मायाकडं.

कौसल्या : मी वाढलं त्याले. अन् जेवला तो.

नानाजी : होय.

कौसल्या : भुरीबाई सांगत आली, अर्पिता रस्त्याच्या कडीले पडून आहे म्हणून, तवा त्याचा हात ताटातच होता. तुमी त्याले त्याच हातानं उठवून ठाण्यात नेलं. मी तुमाले त्याबद्दल काही म्हणलं नाही.

नानाजी : नाही म्हणलं.

कौसल्या : अजूनही म्हणत नाही. पण भाकर टाकतो तवा डोळ्यापुढं येते.

नानाजी : मले पाणी भरतानी येते.

कौसल्या : ती इथूनच निघाली होती हो. ह्या खाटेवरून. कामावरून सुटली का सायकल लावाची अन् विणत बसाची. त्या दिवशी आली तवा डोये पुसतच आली. सकाळी मायनं लय बोललं होतं, बापाचं स्वेटर पेटीतून कुठी गेलं म्हणून. हिनं सांगतलं नाही. विणाले बसली, पण दिसत नसन, दोन टाके सुटले. ते उचलता उचलता अंधार झाला, पण उचलल्या गेले नाही. मीच म्हणलं, जाय बाई आता, माय वाट पाहत असन.

नानाजी : कोनी आलं वाटते. ठेव ते.

(चंदाबाई दारात येते. उंबरा ओलांडत नाही.)

नानाजी : जय ख्रिस्त, वहिनी. या, आत या. कौसल्या, खुर्ची दे.

चंदाबाई : खुर्ची नको. इथंच बरी आहे. कौसल्याशी बोलाचं आहे.

कौसल्या : बोला वहिनी.

चंदाबाई : माया नावाची चिठ्ठी तुयापाशी आहे.

कौसल्या : कोनं सांगतलं?

चंदाबाई : सांगाले कायले पाह्यजे? साऱ्या बाया चिठ्ठी उघडून हसत होत्या, एकमेकीले दाखवत होत्या. तू मुठीत धरून बसली. प्रार्थनेले हात जोडले साऱ्यायनं, तुयी मूठ सुटली नाही. मी मागच्याच बाकावर होती.

कौसल्या : होय. मायापाशी आहे.

चंदाबाई : मंग आयक. टेबलावर मायासाठी काही ठेवू नको. नाताळाले माया नावानं पुकारा होईन, मी उठून तुयं बनवलेलं हातात घेईन, अन् सारी मंडळी टाळ्या वाजवन. उद्या हेच लोक म्हणतीन, चंदाबाईनं माफ केलं. तुमचा वकील कोर्टात म्हणन, देणंघेणं चालू आहे दोन घरात. म्या साक्ष द्याची आहे. मायं तोंड बांधू नको.

नानाजी : तोंड कोनी बांधत नाही, वहिनी. साक्ष द्या. मी बी देणार आहे.

चंदाबाई : तुमी कोनाकडून?

नानाजी : कोनाकडून म्हणजे काय. गाडी धुतानी पाह्यला म्या त्याले. तेच सांगीन.

चंदाबाई : पोराच्या इरुद्ध?

नानाजी : जे पाह्यलं ते. पोरगं मायं आहे म्हणून पाह्यलेलं पुसल्या जात नाही. वकिलाले बी सांगून देलं.

चंदाबाई : कौसल्या, तुले चालते हे?

कौसल्या : मले काय चालते अन् काय नाही, हे आता कोनी इचारत नाही वहिनी. अन् इचारू बी नये. पण एक आयका. म्या तुमच्यासाठी काही बनवलं नाही. हे आहे ते म्या बनवलेलं नाही.

चंदाबाई : हे काय?

कौसल्या : घ्या हातात. सुया सांभाळा, टाके सुटतीन.

चंदाबाई : हे स्वेटरचं ऊन...

कौसल्या : होय.

चंदाबाई : हे त्यायचं आहे. अर्पिताच्या बाबाचं. हा कत्थई रंग, अन् हा मधात फिका पडलेला. कोपरावर इस्तवानं जळलं होतं त्याले.

कौसल्या : उकंडाभाऊचंच आहे. पोरीनं उसवलं, मायाच अंगणात धुतलं, वाळवलं. म्हणे, काकू, नवं ऊन घ्याले जमत नाही, पण हे आहे ना घरात. बाबा गेल्यापासून माय ते पेटीतून काढते, पाहते अन् पुन्हा ठेवते. आंगात घालत नाही, मोठं होते तिले. तिच्या मापाचं करून देतो नाताळाले, मंग तर घालन.

चंदाबाई : म्या साऱ्या घरात शोधलं हे.

कौसल्या : मालूम आहे.

चंदाबाई : तिले म्हणलं, इकलं का बापाचं स्वेटर? कोनाले देऊन आली? खाली मान घालून उभी राह्यली, काही सांगतलं नाही. मले वाटलं, खरंच इकलं. डबा बी हातात देला नाही म्या त्या दिवशी. चुलीपाशी ठेवला, घे अन् जाय म्हणलं.

कौसल्या : नाताळपर्यंत कोनाले सांगू नको, अशी शपथ घातलती तिनं मले. मंग सारं असं झालं. मातीच्या दिवशी सांगाव वाटलं, पण तुमी तोंड फिरवलं.

चंदाबाई : दुसरी बाही कुठी आहे?

कौसल्या : नाही. एवढंच झालं तिच्या हातून. म्या काल पुरी केलती, आज उसवून टाकली.

चंदाबाई : काहून उसवली?

कौसल्या : तिची नोती.

नानाजी : वहिनी, पाणी तरी घ्या. उन्हातून आल्या.

चंदाबाई : नको. हे पुढचं पुरं तिनंच केलं? गळा बी?

कौसल्या : गळा बी. दोनदा चुकला, दोनदा उसवला. म्या बोट लावलं नाही. मायकडं जाणार आहे, तुमी नका लावू, म्हणे.

चंदाबाई : अन् ह्या अर्ध्या बाहीवर? इथी भोकं काहून आहे? बाकी तर बारीक विणलं आहे सारं.

कौसल्या : टाके सुटले तिथी.

चंदाबाई : कवा?

कौसल्या : त्याच दिवशी.

चंदाबाई : रडत होती का ती?

नानाजी : वहिनी, ते आता कायले? पोरीबाळी हसतात, रडतात...

चंदाबाई : तुमी नका बोलू नानाभाऊ. मी हिले इचारून राह्यली. कौसल्या, तुयं पोरगं थांबलं नाही. तू तरी थांब. रडत होती का?

कौसल्या : रडत होती.

चंदाबाई : लय?

कौसल्या : आली तवा लय. मंग कमी झालं. म्या म्हणलं, राहू दे आज, तुले दिसून नाही राह्यलं. तर म्हणे, नाही काकू, थंडी सुरू होईन, मायले पहाटेची थंडी लागते. रडत होती अन् विणत होती.

चंदाबाई : म्या बोलल्याचं सांगतलं तिनं तुले?

कौसल्या : सांगतलं.

चंदाबाई : डब्याचं बी?

कौसल्या : डब्याचं बी. पण डबा नेला होता तिनं. इथी बसून खाल्ला. मले बी देला त्यातला घास. मेथी होती.

चंदाबाई : मेथीच होती.

नानाजी : वहिनी, बसा थोडं.

चंदाबाई : बसत नाही. हे मी घेऊन जातो. नाताळाले मी येणार नाही. माया नावाचा पुकारा झाला तर पाळकसाहेबाले सांगजो, तिले तिचं भेटलं.

कौसल्या : अन् चिठ्ठी?

चंदाबाई : वापस नको करू. पण मी माफ केलं असं समजू बी नको. कोर्टात जे आहे ते सांगीन, त्याच्यात एक शब्द कमी होणार नाही.

कौसल्या : नका करू कमी.

चंदाबाई : ह्या सुया?

कौसल्या : सुया काढल्या का सारे टाके सुटत जातीन. अन् ते भोकं बी वाढतीन, घातलं का आणखी खाली उसवत जाईन. आणा इकडं, दोन टाके उचलून देतो, नव्यासारखं होईन. बाही म्हणाल तर...

चंदाबाई : बाही नको. अन् हे भोकं भरू बी नको.

कौसल्या : मंग?

चंदाबाई : पुढं उसवनार नाही, एवढी गाठ मारून दे. मी उभी आहे.