मागचं झाकण

राधाकृष्ण : घड्याळ घासून घासून पार आरसा केलाय मागनं. तोंड बघा तुमचं.

करण : राधाकृष्णभाऊ, इथं नाव कोरलेलं होतं.

राधाकृष्ण : हुतं की. तेच तर काढलं. दोन दिस गेले त्यात.

करण : का काढलं?

राधाकृष्ण : तुमीच फोनवर इचारलं, घड्याळाच्या मागं नाव हाय का. मी म्हणलं, हाय. तुमी जे गप झाला, ते फोनच ठिवून दिला. मी म्हणलं, गिऱ्हाईक नाराज झालं. जुनी घड्याळं जमवनारी मानसं लई चोखंदळ. पुन्याच्या एकानं नावापायी असंच एक परत केल्तं. मानूस सुप्याहून बेलापूरला येनार, त्याला दुसऱ्याच्या नावाचा माल कसा द्यायचा?

करण : मी गप झालो, कारण मला बोलता येईना.

राधाकृष्ण : मग तसं सांगायचं.

करण : काय नाव होतं?

राधाकृष्ण : वाचत बसलं की घासायला हात चालत न्हाई.

करण : 'चि. आबासाहेब' असं होतं का? माझे वडील. त्यांच्या लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी दिलेलं. रुखवताच्या भांड्यांवर नावं घालणारा बसला होता, हंड्या-कळशांच्या रांगेत हेही त्याच्या मशीनखाली गेलं. पहिल्याच अक्षराला मशीन घसरलं, तिथं खड्डा पडला होता.

राधाकृष्ण : खड्डा हुता. निम्मा येळ त्यातच गेला.

करण : मग तेच.

राधाकृष्ण : पर वडलांचं घड्याळ तुमी इकत कशापायी घेताय?

करण : मीच विकलेलं. बारावीत होतो, मोबाईल पाहिजे होता. वडील कारखान्यात भोंगा वाजवायला होते, या घड्याळावर. तो ऐकून गाव जेवायला बसायचा. मी विकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अंदाजानं वाजवला. साडेदहालाच सगळ्यांची जेवणं उरकली.

राधाकृष्ण : तुमाला लई बोलले आसतील.

करण : मला कशाला? त्यांना वाटलं, उसाला पाणी देताना मनगटावरून गळून पडलं. महिनाभर सरीन् सरी शोधली. मीपण त्यांच्याबरोबर शोधत होतो. मन लावून.

राधाकृष्ण : सापडलं न्हाईच आसंल.

करण : अजून शोधतात. आता त्यांना कालचं आज आठवत नाही. कारखाना बंद पडला, ऊस गेला, तिथं सोयाबीन आहे. पण रोज सकाळी रानात जातात. मग मी कुठून कुठून तसलीच घड्याळं मिळवतो. शनिवारी सुप्याहून घरी आलो की बांधाजवळ पुरून ठेवतो.

राधाकृष्ण : पुरून?

करण : रविवारी त्यांना सापडतं. आधी हरखतात. मग पालथं करून अंगठा फिरवतात अन् माझ्या हातात देतात. म्हणतात, दुसऱ्या कुणाचं पडलंय रे, नेऊन दे, बिचारा शोधत असंल. अशी अकरा झालीत. कंपनीत वाटतं, मला नाद आहे. मागं शाल देऊन सत्कार केला, संग्राहक म्हणून.

राधाकृष्ण : येवढंच ना? दुसरं झाकन बसवतो, त्याच्यावर नाव घालून घिऊ. भांडीवाला समोरच हाय.

करण : चौथ्याला तेच केलं होतं. अंगठा फिरवला, खड्डा लागला नाही. म्हणाले, हाही कुणीतरी आबासाहेबच दिसतोय. त्याचंही हरवलं.

राधाकृष्ण : मग खरं सांगून मोकळं व्हा. बाप हाय, खाईल व्हय?

करण : तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा रडले. तिन्ही वेळा पाठीवर हात ठेवून म्हणाले, जाऊ दे, लहान होतास. अन् दुसऱ्या दिवशी पहाटे मलाच उठवलं. चल, घड्याळ शोधू.

(राधाकृष्ण सुरीच्या टोकानं झाकण उघडतो, डोळ्याला भिंग लावतो.)

राधाकृष्ण : हे बघा. दुरुस्ती केली की आमी आतनं सुईनं खूण मारतो, सालासकट. ही माझी. दोनदा. भोंगेवाले आबा व्हय तुमचे वडील? काम हुईस्तोवर या बाकड्यावरनं उठायचे न्हाईत. म्हनायचे, उरक बाबा, लोकं उपाशी ऱ्हातील.

करण : हो. तेच.

राधाकृष्ण : मग शंभर टक्के तेच घड्याळ हाय. खोटं न्हाई.

करण : ते आतून बघत नाहीत, भाऊ.

राधाकृष्ण : तुमी एकदा मला रागं तरी भरा.

करण : कशाला? तुम्ही चांगलंच करायला गेलात.

राधाकृष्ण : डबीत घालून दिऊ?

करण : प्लॅस्टिकच्या पिशवीत द्या. दोन पिशव्या लावा. आज रानाला पाणी सोडायचंय.