दोन दोऱ्या

पालघरच्या फलाटावर सुगंधा गाडीची वाट बघत बसली होती. नवरा तारापूरला बिजलीघराच्या बांधकामावर, आणि ती एकटीच माहेरी निघालेली. शेजारी डोंगराकडची नवसी आपल्या नवऱ्याला, जिव्याला, समजावत होती. तो आज पहिल्यांदाच गाडीत बसणार होता. तिकडे कान न देणं सुगंधाला काही जमेना.

“या दोरीला चार गाठी हायत. टेसन आलं का एक सोडायची. चौथी सुटली का विरार. तिथं उतर, मुकादम भेटंल.”

“आन गाडी मधीच थांबली तं?”

“फलाट दिसला तरच सोडायची. उगा घाई नको करू.”

“आन ही लांब दोरी?”

“ती दिसांची. रोज सकाळी एक गाठ सोडायची. सगळ्या सुटल्या का घरी यायचं. अशीच एक माझ्याकडं हाय.”

“दोन्ही सारख्या?”

“मीच बांधल्यात. तुझ्या तीस, माझ्या तीस.”

जिव्यानं मान खाली घालून लांब दोरी बोटांत धरली.

“अरं, काय करतोस? आत्ताच दोन सोडल्यास?”

“दोन दिस आधी येईन.”

नवसीनं पदराच्या टोकात बांधलेली आपली दोरी काढली. गाडीचा धूर दिसेपर्यंत तिच्याही दोन गाठी सुटल्या होत्या.