ऑकलंडची दोन वर्षं

फोलोले : …आणि हे झाप कोणी सोडले? भर दिवसा झाप सोडलेलं घर! चर्चकडून येणारी बाई मला विचारते, "फोलोले, घरात कोण गेलं गं?"

लोसा : कोणी गेलं नाही, आत्या. मी लिहितेय. घराला भिंती नाहीत, झाप वर असले की येणारा-जाणारा हात करतो, मग मलाही करावा लागतो.

फोलोले : कर की. हात काय झिजतो?

लोसा : हात झिजत नाही. वाक्य तुटतं.

फोलोले : तुटलं तर जोड. तुझा बाप रोज जाळं जोडत बसायचा. मरेपर्यंत एकदाही झाप सोडून बसला नाही.

लोसा : आत्या, ऐक. आज शाळेतून रजा घेतलीय ती फक्त याच्यासाठी. चार वाजेपर्यंत ऑकलंडला, मेरीअन बाईंना एक प्रकरण पाठवायचंय. पुस्तकं छापणाऱ्यांकडे असतात त्या. पुढच्या वर्षी कुठली पुस्तकं काढायची ते आज ठरतंय. प्रकरण गेलं तर माझी कादंबरी निघेल. नाही गेलं तर नाही.

फोलोले : नाही गेलं तर पुढच्या खेपेला.

लोसा : ही पुढचीच खेप आहे! पहिल्या छापणाऱ्याने वर्षभर ठेवून परत पाठवली. दुसऱ्याने लिहिलं, पुस्तकात माणसं फार झालीत, थोडी कमी करा.

फोलोले : कमी करा म्हणजे? मारायची? आणि मग मयताला डुकरं कोण कापणार, तो?

लोसा : आत्या!

फोलोले : बरं, ते राहू दे. तुझ्या यंत्राची वायर काढ. मला इस्त्री लावायचीय.

लोसा : हात लावू नकोस. बॅटरी मेलीय त्याची. वायर काढली की बंद पडतं.

फोलोले : पडू दे की थोडा वेळ, त्यालाही विसावा. परवा पांढरा रविवार आहे, पोरांचा सण. घरातली सगळी पोरं गावासमोर उभी राहणार, ती काय चुरगळलेल्या कपड्यांत?

लोसा : देव सुरकुत्या मोजत नाही.

फोलोले : देव नाही मोजत. पाद्रीबुवांची बायको मोजते. आणि धाकट्याच्या ओळींचं काय झालं? सकाळपासून रडतोय. नोहाच्या नाटकात त्याला फक्त "मी कबूतर" एवढंच आलंय. त्याची आई म्हणते, माझ्याच पोराला कमी.

लोसा : कबूतर बोलत नाही, आत्या. ते चोचीत पान घेऊन येतं.

फोलोले : आमचं बोलेल. तू लिहितेसच आहेस, त्यात आणखी दोन ओळी.

लोसा : हेच! हेच ते! "तू लिहितेसच आहेस." या आठवड्यात मी अख्खं नाटक लिहिलं, तुफी काकांचं आभाराचं भाषण लिहिलं, इओआनेच्या बसमध्ये लावायला "कोंबड्या मागच्या दारानेच चढवाव्यात" तेही मीच लिहिलं. फक्त माझं मी लिहिलं नाही.

फोलोले : आवाज बघ कसा कापतोय. मी म्हणतच होते. काल ती मालिशवाली बाई उगाच नाही आली.

लोसा : तिला तू आणलीस! मी खुर्चीत बसलेली, तिने येऊन माझं पोट चोळायला घेतलं.

फोलोले : गाठ लागली तिच्या हाताला.

लोसा : गाठ नव्हती, दुपारी खाल्लेला तारोचा कंद होता. आणि बुधवारी पाद्रीबुवांनी सगळ्या चर्चसमोर माझ्यासाठी प्रार्थना केली. "आपली बहीण लोसा, जी एकटी बसते…" माझे विद्यार्थी बसले होते समोर.

फोलोले : मग खोटं बोलले का? सगळ्या सामोआत तुझ्याएवढं एकटं कोणी बसत नसेल. धडधाकट माणूस घरात इतकी माणसं असताना कोपरा धरून बसेल का? शेजारच्या मालियाकडे नेते इस्त्री, बस तू. पण अशी नाही सोडणार. कोणाला तरी पाठवते जवळ बसायला.

लोसा : नको. आत्या, नको. आत्या!

इओआने : काय गं, फार दुखतंय का?

लोसा : इओआने, तू जा बघू.

इओआने : आई म्हणाली ना, कोणाला तरी पाठवते? तो कोणीतरी मी.

लोसा : आणि तुझी बस?

इओआने : उभीय. उतारू बसलेत आत एकमेकांच्या मांडीवर. सांगून आलोय, बहिणीजवळ जरा बसून येतो. कोणाची काही तक्रार नाही. एकीने तर तुझ्यासाठी पपई दिलीय. कुठे ठेवू?

लोसा : माझ्या डोक्यावर ठेव.

इओआने : आजारी माणूस चिडतोच. बोल, कुठे अडलंय तुझं? मी सोडवतो. रोज एवढी माणसं ऐकतो बसमध्ये, गोष्टींना काय तोटा.

लोसा : ऐक, म्हणजे तू लवकर जाशील. माझ्या कादंबरीतली बाई, सेलेपा, शिकायला ऑकलंडला जाते. एका पानावर विमानात बसते आणि पुढच्याच पानावर परत येते. मध्ये दोन वर्षं गेलेली. मेरीअन बाई विचारतात, त्या दोन वर्षांत काय झालं? गेली तेव्हा बडबडी होती, आली ती गप्प. ते प्रकरण नाही, तर पुस्तक नाही.

इओआने : एवढंच? अगं, तू स्वतःच होतीस की तिथे. सोलोमोना काकांचं घर, अकरा माणसं, एक न्हाणीघर. लिही तेच.

लोसा : मी तिथे नव्हते.

इओआने : म्हणजे?

लोसा : सुरुवातीला होते थोडे दिवस. मग खोली घेतली. एकटीच.

इओआने : एकटी म्हणजे… कोणाबरोबर?

लोसा : एकटी म्हणजे एकटी.

इओआने : पुरुष होता का कोणी? असेल तर आत्ताच सांग. आईला मी समजावतो.

लोसा : पुरुष असता तर सांगणं इतकं अवघड नसतं रे!

इओआने : मग का? काकांनी काही केलं?

लोसा : काही नाही. फार चांगले होते. लिहायला बसले की कोणीतरी येऊन शेजारी बसायचं, आत्ता तू बसलायस तसं. मला वाटलं, एक दार असावं, ते लावता यावं, म्हणजे कादंबरी आपोआप होईल.

इओआने : झाली?

लोसा : एक पानही नाही. अभ्यासही बुडाला.

इओआने : आणि काका एका शब्दाने बोलले नाहीत कधी?

लोसा : कसे बोलतील? पाहुणी पोर घर सोडून गेली हे कळवायचं म्हणजे त्यांचंच तोंड काळं. मी विनवलं आणि ते गप्प राहिले.

इओआने : मग हे लिहू नकोस. दुसरं काहीतरी लिही, खोटं. कादंबरीच आहे ना?

लोसा : लिहिलं होतं. मागच्या महिन्यात पाठवलं. अकरा माणसांचं घर, गाणी, हसणं. मेरीअन बाईंनी कळवलं, बाकी सगळं पुस्तक खरं वाटतं, एवढंच प्रकरण रचलेलं आहे.

इओआने : हुशार आहे बाई.

लोसा : हो ना! चीड येते.

इओआने : पण खरं लिहिलंस तर आईला कळेल.

लोसा : अख्ख्या गावाला कळेल. म्हणतील, फोलोलेच्या घरची पोर, आणि परक्या शहरात तिला विचारणारं कोणी नव्हतं! आत्याची मान खाली जाईल, ते मला बघवणार नाही. म्हणून सकाळपासून एक ओळ पुढे सरकत नाहीये. आणि वाटतंय काय, तर इस्त्रीमुळे, कबुतरामुळे.

इओआने : कोणाला वाटतंय? आम्हाला तूच तसं ओरडून सांगतेस.

लोसा : मला स्वतःलाही आत्ता बोलता बोलताच कळलं.

इओआने : मग असं कर. गावाच्या आधी आईला सांग.

लोसा : तोंडाने नाही जमणार.

इओआने : मग लिही. मी बाहेर ओट्यावर बसतो. कोणी आलं तर सांगेन, डोळा लागलाय तिचा.

लोसा : आणि उतारू?

इओआने : त्यांना सांगतो, जरा जास्तच आहे बहिणीला. सगळे मिळून एक प्रार्थना म्हणतील आणि बसून राहतील.

(दुपार कलली आहे. ओट्यावर इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांची चवड. फोलोले कमरेच्या कापडाला हात पुसत आत येऊन बसते, मागे इओआने.)

फोलोले : काय ऐकवायचंय ते लवकर ऐकव. चुलीवर नारळाचं दूध ठेवून आलेय.

लोसा : मेरीअन बाईंच्या आधी तू ऐकावंस म्हणून. फक्त मध्ये बोलू नकोस.

फोलोले : मी कधी बोलते मध्ये?

लोसा : "सेलेपा खोलीचं दार उघडंच ठेवायची. दार लावायची तिला सवय नव्हती. शेजारचा म्हातारा जाता जाता म्हणायचा, बाई, तुमचं दार उघडं राहिलंय, आणि अगदी सभ्यपणे ते ओढून घ्यायचा."

फोलोले : अगं पण का?

लोसा : आत्या.

फोलोले : बरं बरं. वाच.

लोसा : "तो खाली गेला की ती पुन्हा उघडायची. एका संध्याकाळी ताट घेऊन ती उंबऱ्याशी बसली. जिन्यात पावलं वाजली की गावात मारतात तशी हाक मारायची, या, जेवायला या. एक बाई दचकली आणि भराभर पायऱ्या उतरून गेली. एक माणूस हसला, घड्याळाकडे बोट दाखवून निघून गेला. एक लहान मुलगी थांबली, तिला तिच्या आईने दंडाला धरून पुढे नेलं. सेलेपा ताटाला हात न लावता बसून राहिली, आणखी कोणी येईल म्हणून. जिन्यातला दिवा आपोआप विझला. तेव्हा तिने निवलेला भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा दोघांपुरता शिजवला."

फोलोले : मग? मग कोण आलं?

लोसा : कोणी नाही. तिथेच संपतं.

फोलोले : असं कसं संपतं? एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या जिन्यावर… ही काय रीत झाली! हाक मारली तर निदान "जेवलोय, तुझं चालू दे" एवढं तरी म्हणावं माणसाने. आणि सोलोमोना कुठे होता?

लोसा : कादंबरीत सोलोमोना नाही, आत्या.

फोलोले : मी कादंबरीचं विचारत नाहीये.

इओआने : आई…

फोलोले : तू गप्प बस. कुठे होता सोलोमोना?

लोसा : त्याच शहरात. पण मीच त्यांचं घर सोडलं होतं, परत जायची लाज वाटली. त्यांचा दोष नाही.

फोलोले : तू दर रविवारी फोन करायचीस. मागे केवढा गोंगाट.

लोसा : टीव्ही मोठा करून ठेवायची.

फोलोले : मी म्हणायचे, त्या पोरांना गप्प कर, आत्याशी बोलतेय म्हणावं.

लोसा : आणि मी त्यांना ओरडायची.

फोलोले : नावं घेऊन ओरडायचीस.

लोसा : हो.

इओआने : चार वाजत आलेत. फोनचं नेट लावून दिलंय. पाठवायचंय की नाही, ते एकदा ठरवा.

लोसा : आत्या, तू नको म्हणालीस तर नाही पाठवत. छापलं की गावात तुझ्याविषयी बोलतील. पाद्रीबुवांची बायको तर…

फोलोले : तिच्या मुलाने मेलबर्नला काय दिवे लावलेत ते मला माहीत आहे. तिला मी बघते. पाठव.

लोसा : नक्की?

फोलोले : पाठव म्हटलं ना.

इओआने : फिरतंय… फिरतंय… हं. गेलं.

लोसा : कसं वाटलं तुला, आत्या? खरं सांग.

फोलोले : मला नाही आवडलं. आवडण्यासारखं काय आहे त्यात?

लोसा : बरं.

फोलोले : मी आले असते.

लोसा : समोरच्या बेटावर, अपियाला जायच्या बोटीतसुद्धा तू बसत नाहीस. विमानात कशी बसली असतीस?

फोलोले : नाही बसत. आले असते.