बसवलं का निजवलं?

(ईट गाव, १९४४. लामावर, म्हणजे लढाईवर गेलेला ईरण्णा ब्रह्मदेशात मारला गेला. त्याच्या साहेबाचं इंग्रजी पत्र लिंबाजी मास्तर त्याची आई रुद्रम्मा हिला वाचून दाखवतायत.)

रुद्रम्मा : शूर हुता, इमानी हुता, ते राहू द्या मास्तर. माझ्या लेकराला बसवून पुरलं का निजवून? तेवढं सांगा.

लिंबाजी : साहेबानं ‘लेड’ लिहिलंय, आक्का.

रुद्रम्मा : मंजी?

लिंबाजी : मंजी... ठेवलं. लई मतलब हायेत त्या शब्दाचे. गवंड्यानं विटा रचल्या तरी लेड. ताटं मांडली तरी लेड. कोंबडीनं अंडं घातलं तरी बी तेच.

रुद्रम्मा : अन् मानूस?

लिंबाजी : मानसाला... बसवलं बी म्हणता येतं.

रुद्रम्मा : येतं?

लिंबाजी : येतं की! लिंगायताला बसवून पुरत्यात, हे पलटणीत कुणी सांगितलंच असंल.

रुद्रम्मा : बरं झालं बाई. मालक गेले तवा ईरण्णानंच बसवलं त्यांला. मान कलंडू नये म्हणून किती जपलं! डाव्या तळहातावर त्यांच्या गळ्यातलं लिंग ठेवलं. मेल्यावर तेवढीच सोबत असती. पुढं वाचा.

लिंबाजी : पुढं सही हाय नुसती.

रुद्रम्मा : मला वाचता येत न्हाय, वळी दिसत्यात.

लिंबाजी : ...‘त्याच्या गळ्यात चांदीची डबी होती. आईला आठवण म्हणून काढून पाठवत आहोत.’ ही घ्या.

रुद्रम्मा : अगं माय! लिंग हाय ह्यात, मास्तर. तापानं फणफणला तरी उतरवलं न्हवतं कधी.

लिंबाजी : साहेबाला दागिना वाटला असंल. चांगल्या मनानं धाडलंय.

रुद्रम्मा : व्हय. शिव्या तरी कुणाला देऊ? पण ज्यानं लिंग काढलं, त्यानं बसवलं कुठलं?

लिंबाजी : न्हाय आक्का. निजवलंच. मला सांगायचा धीर झाला न्हाय.

रुद्रम्मा : रिकाम्या हातानं गेलं लेकरू.

लिंबाजी : मठातल्या स्वामींना विचारू का, ह्याचं काय करायचं?

रुद्रम्मा : नगं. मला बसवाल तवा डाव्या हातावर माझं ठेवा, उजव्यावर त्याचं.

लिंबाजी : असं चालतं व्हय?

रुद्रम्मा : पोटात हुता तवा आठव्या महिन्यात त्याचं लिंग स्वामींनी माझ्याच अंगावर बांधलं हुतं. मला सवय हाय, मास्तर.