झाडीतली शिंगं

आईशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक वाक्य सोडून.

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरच्या बंदरात इंजिनिअर होतो. मला आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या सावंतला ऑस्ट्रेलियात हरणाच्या शिकारीला जायचं होतं. पण आमचा नेमबाजीचा क्लब आधी शिकारीचे नियम शिकवायचा. त्यात नापास झालात तर जाणं रद्द.

सिंगापूरच्याच बेडोक भागात क्लबचा वर्ग भरायचा. तिथे शिकवणाऱ्या टॅन सरांनी भिंतीवर दाट झाडीची स्लाइड लावली, माझ्या हातात खेळण्यातली बंदूक दिली आणि बजावलं, "अख्खं जनावर दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही."

पानांतून शिंगं दिसली. मी ओढला. खट्ट!

"माणूस मारलास," सर शांतपणे म्हणाले. "शिंगं नव्हेत, 'थांबा' म्हणून वर केलेले हात आहेत ते. माझा भाऊ असाच गेला."

मी बंदूक झटकन टेबलावर ठेवून दिली. सावंत मात्र खिदळला, "घाबरतोस काय लेका, फोटोच आहे तो!"

शिकारीला आम्ही काही गेलो नाही.

आता बनवलेलं वाक्य कुठलं, तर सावंतचं. तो हसलाच नव्हता. माझा दंड घट्ट धरून तो पुटपुटला होता, "अरे, तो हात हलवतोय."