स्क्रूवरचं नेलपॉलिश

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा नंबर येईपर्यंत पुढच्या बहीण-भावाचं बोलणं कानावर पडत होतं.

"ताई, दुसरीकडे बघू. पाच वर्षं जुना आहे हा."

"पण तुझे गेम चालतील ना यावर? चोरीला गेला तो असाच तर होता."

"चालतील काय, पळतील! थांबा, उघडून दाखवतो," दुकानदार म्हणाला.

"भंगार आहे गं. चल ना."

"थांब रे जरा! दादा, या स्क्रूवर लाल ठिपका कसला?"

"नेलपॉलिश दिसतंय."

"अगं बाई! ते माझं आहे. हा स्क्रू सारखा ढिला व्हायचा म्हणून मीच लावलं होतं. अरे, हा आपलाच कॉम्प्युटर! दादा, कोणी विकला तुम्हाला?"

"माल माझा पार्टनर घेतो. पण विकणाऱ्याची सही घेतल्याशिवाय नाही. ही बघा वही."

"ताई, आधी माझं ऐक..."

"ही तर तुझी सही आहे."

"मी सांगणारच होतो तुला."

"कधी? कामवाल्या मावशींवर आळ घेऊन मी त्यांची पिशवी जमिनीवर उपडी केली, तेव्हा तू शेजारीच उभा होतास."